चॅनल एफ घ्यावा की स्टुडिओ टू?

दोन्ही सत्तरच्या दशकातले व्हिडिओ गेम कन्सोल. आधी एक ठरवा: यंत्र खेळायला हवंय की कपाटात ठेवायला? खेळायला हवं असेल तर फेअरचाइल्डचा चॅनल एफ घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. आरसीएचा स्टुडिओ टू कुणी घ्यावा, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

अटारीचा प्रसिद्ध व्हीसीएस कन्सोल सप्टेंबर १९७७ मध्ये आला. रॉम चिपवाली कार्ट्रिज (चिपमध्ये खेळ साठवलेली, कन्सोलमध्ये खुपसायची डबी) घेणारे हे दोन कन्सोल त्याच्याही आधी अमेरिकेत विकायला होते. फेअरचाइल्डचा नोव्हेंबर १९७६ मध्ये १६९.९५ डॉलरला आला, आरसीएचा जानेवारी १९७७ मध्ये १४९.९५ ला. फरक वीस डॉलरचा, पण समोर ठेवून खेळायला बसलात की तो कितीतरी मोठा वाटतो.

सुरुवात हातापासून करू. चॅनल एफच्या हँड कंट्रोलरला बैठकच नाही. एक काळी दांडी मुठीत धरायची आणि तिच्या टोकावरची त्रिकोणी टोपी अंगठ्या-बोटांनी हलवायची. ती चार दिशांना ढकलता येते, पिळता येते, वर ओढता येते आणि खाली दाबताही येते. म्हणजे हॉकीमध्ये बॅट पुढेमागे सरकते आणि तिरकीही होते. पहिली दहा मिनिटं बोटं गोंधळतात, नंतर सोडवत नाही. स्टुडिओ टूला जॉयस्टिकच नाही. कन्सोलच्या अंगावरच दहा-दहा आकड्यांचे दोन कीपॅड बसवलेत. २ म्हणजे वर, ८ म्हणजे खाली, ४ आणि ६ डावी-उजवीकडे. कीपॅड सुटे होत नाहीत, त्यामुळे दोघं खेळणारे एकाच डब्यावर वाकून, कोपराला कोपर लावून बसतात. गंमत म्हणून एकदा ठीक आहे.

पडद्यावरही तीच कथा. स्टुडिओ टूचं चित्र ६४ बाय ३२ ठिपक्यांचं आणि काळंपांढरं. चॅनल एफचं १२८ बाय ६४, रंगीत. त्यातला कडेचा भाग टीव्हीवर दिसत नाही, तरी आकृती ओळखू येतात. दोघांचाही आवाज कन्सोलमधल्याच स्पीकरमधून येतो, टीव्हीतून नाही. (चॅनल एफच्या नंतरच्या ‘सिस्टम टू’ मॉडेलमध्ये तो टीव्हीतून येतो आणि कंट्रोलरही सुटे होतात. निवड असेल तर तेच बघा.) चॅनल एफला ‘होल्ड’ नावाचं बटण आहे. आईने जेवायला हाक मारली की खेळ थांबवून ठेवता येतो, आणि थांबलेल्या खेळाचा वेग बदलता येतो. १९७६ साली हे सुचलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

खेळांचा साठा? चॅनल एफमध्ये हॉकी आणि टेनिस आतच आहेत. शिवाय पिवळ्याधमक, क्रमांक घातलेल्या ‘व्हिडिओकार्ट’ पंचवीसहून जास्त. माझं मत विचाराल तर दहा क्रमांकाची ‘मेझ’ आणि सोळाची ‘डॉज इट’ आधी मिळवा. स्टुडिओ टूमध्ये पाच खेळ आत आहेत, पण त्यातला एक बेरजेचा, हे ऐकून मुलं पळतील.

मग स्टुडिओ टू कुणी घ्यावा? ज्याला खेळापेक्षा चिपचं वेड आहे त्याने. जोसेफ वाइझबेकर या आरसीएच्या अभियंत्याने घडवलेल्या कॉसमॅक घराण्यातला १८०२ प्रोसेसर यात आहे. तोच प्रोसेसर पुढे गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानात बसला. वाइझबेकरांची मुलगी जॉइस हिने या कन्सोलसाठी ‘टीव्ही स्कूलहाउस १’ आणि ‘स्पीडवे/टॅग’ ही कार्ट्रिजं लिहिली. व्यावसायिक व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतात. चॅनल एफची बाजूही रिकामी नाही. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख जेरी लॉसन होते, सिलिकॉन व्हॅलीतल्या तेव्हाच्या मोजक्या कृष्णवर्णीय अभियंत्यांपैकी एक. कार्ट्रिजची मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या कंपनीची. घरातल्या मुलांनी शेकडो वेळा खुपसून-उपसूनही टिकेल असं रूप तिला फेअरचाइल्डमध्ये मिळालं. आरसीएने १९७८ मध्येच या कन्सोलचं दुकान गुंडाळलं, म्हणून स्टुडिओ टूची कार्ट्रिजं जेमतेम डझनभर.

आता खरेदीतले खड्डे. स्टुडिओ टूला वीज थेट कन्सोलमध्ये जात नाही. अडॅप्टर टीव्हीमागच्या स्विच बॉक्सला लागतो आणि वीज व चित्र दोन्ही एकाच वायरमधून जातात. तो मूळ बॉक्स नसेल तर विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत’ लिहिलेलं असूनही तुमच्याकडे तो सुरू होणार नाही. मी एकदा हे न विचारता पैसे मोजले होते. तो डबा अजून माळ्यावर आहे. चॅनल एफमध्ये दांड्यांच्या आतले संपर्क तुटतात, ते थोडं धीराने दुरुस्त होतात. पण एफ८ चिप, म्हणजे त्याचा प्रोसेसर, गेली तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या मेलेल्या कन्सोलमधून काढावी लागते.

भारतात वापरणार असाल तर अमेरिकन मॉडेलला ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, शिवाय एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीचा सिग्नल आपल्या जुन्या टीव्हीला पचेलच असं नाही. यावर पळवाट आहे. चॅनल एफ जर्मनीत ‘साबा व्हिडिओप्ले’ या नावाने विकला गेला. तो २२० व्होल्टवर चालतो आणि चित्र पाल पद्धतीचं देतो, जी दूरदर्शननेही घेतली. जर्मनीत कुणी ओळखीचं असेल तर अमेरिकेतून मागवण्याआधी त्यांना जुन्या बाजारात एक चक्कर मारायला सांगा.