ऑफिसच्या नेटवर्कला सर्वात मोठा धोका कोणाचा? पैसे खर्च करण्याआधीची तुलना

वीस-पंचवीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर, त्यावर टॅली, दोन प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि अडलं की फोन केल्यावर येणारा हार्डवेअरवाला. आपल्याकडच्या कितीतरी सीए फर्म, पतसंस्था, छोटे कारखाने आणि हॉस्पिटलं साधारण याच मापाची असतात. अशा ठिकाणी 'यंदा सिक्युरिटीवर काहीतरी करूया' असं ठरलं की प्रत्येकजण वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. मालक म्हणतात स्टाफ वाट्टेल तिथे क्लिक करतो, स्टाफ म्हणतो मशीनं जुनी झालीत, विक्रेता म्हणतो फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) घ्या. पैसे मात्र एका वेळी एकाच गोष्टीला पुरतात.

म्हणून इथे प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न विचारले आहेत. त्या वाटेने शिरकाव होण्याची शक्यता किती? आणि झालाच तर एक टेबल बंद पडेल की अख्खं ऑफिस? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझा कौल त्याच्यावरच ठरला आहे.

क्लिक करणारा माणूस

सगळ्यांचा पहिला संशयित. व्हेरायझन ही अमेरिकी कंपनी दरवर्षी डेटा-चोरीच्या प्रकरणांचा अहवाल काढते. २०२४च्या अहवालात ६८ टक्के प्रकरणांत माणसाचा, तेही वाईट हेतू नसलेल्या माणसाचा, कुठे ना कुठे हात होता. ट्रेनिंग विकणाऱ्यांच्या स्लाइडवर हा आकडा हमखास असतो. पण त्यात फसव्या मेलबरोबर भलत्याच पत्त्यावर गेलेली फाइल, चोरीला गेलेला पासवर्ड हेही धरलेलं आहे. ६८ टक्के लोक वेडगळपणे क्लिक करतात, असा त्याचा अर्थ नाही.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त कामाची वाटते. फसवा मेल उघडल्यापासून लिंक दाबून माहिती भरेपर्यंत लागणारा सर्वसाधारण वेळ एका मिनिटाहूनही कमी. मार्चअखेरीला, समोर चार फायली पडलेल्या असताना 'जीएसटी नोटीस' असा मेल आला तर जाणता अकाउंटंटही तो उघडणार. ट्रेनिंगने प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

इथे एक गल्लत नेहमी होते. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला सुमारे १ कोटी १ लाख रुपयांना फसवण्यात आलं, तेही प्रमुखांच्या नावाने पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून. त्यासाठी नेटवर्कमध्ये शिरायची गरजच नव्हती. हा धोका खराच, पण तो पैशांच्या व्यवहाराचा आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे: मेसेजवर पैसे पाठवायचे नाहीत, आधी माहितीच्या नंबरवर फोन करायचा. यासाठी फायरवॉल घेऊन काही उपयोग नाही.

तर शक्यता सर्वात जास्त, हे मान्य. नुकसान मात्र ज्याने क्लिक केलं त्याच्या लॉगिनला काय काय करता येतं, त्यावर ठरतं. साध्या लॉगिनवर बसलेल्या रिसेप्शनच्या मशीनवरून फार लांब जाता येत नाही. तेच लॉगिन अ‍ॅडमिनचं, म्हणजे मशीनवर वाट्टेल ते करू देणारं, असेल तर गोष्ट निराळी.

अपडेट न झालेलं मशीन

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक १४ मार्च २०१७ला बुजवलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, त्याच भोकातून दीडशेच्या आसपास देशांत शिरला आणि दोन लाखांहून अधिक मशीनं अडकली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रिया आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. दोन महिने उपाय हातात होता, अनेकांनी लावला नव्हता. आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला त्याला कोणाच्या क्लिकची गरज नव्हती.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तरी त्यावर चालणारी मशीनं ऑफिसांत भरपूर आहेत, आणि एखाद्या कोपऱ्यात वजनकाट्याला किंवा एक्स-रेला जोडलेलं विंडोज ७ असतंच, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे क्रॅक, लायसन्सशिवाय चालवलेलं विंडोज. ते टिकावं म्हणून अपडेट बंद ठेवतात, आणि क्रॅक चालवताना अँटीव्हायरस आधी बंद करा असं तो प्रोग्रॅमच सांगतो. आपण करतोही.

शक्यता मध्यम, नुकसान मोठं, उपाय स्वस्त. जे मशीन अपडेट होऊच शकत नाही त्याचं इंटरनेट तोडा आणि त्याला सर्व्हरपासून वेगळं ठेवा. यात पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते.

घरून काम करण्याची सोय

याच्यावर जरा थांबायला हवं, कारण छोट्या ऑफिसात यावर कोणी बोलत नाही. बोलणार कसं? ही सोय बहुधा मालकांनीच मागितलेली असते.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये 'घरून टॅली दिसली पाहिजे' म्हणून हार्डवेअरवाल्याने राउटरमध्ये पोर्ट ३३८९ (बाहेरून आत यायचं एक क्रमांकाचं दार) उघडून थेट सर्व्हरकडे वळवलं. हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून मशीन चालवण्याच्या सोयीचं, ठरलेलं पोर्ट. लॉकडाऊन संपला, पोर्ट तसंच राहिलं. आता जगभरचे स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटवरचा पत्ता न् पत्ता तपासत असतात. असं पोर्ट सापडलं की पासवर्डमागून पासवर्ड लावत बसतात. युजरनेम 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आणि पासवर्ड फर्मचं नाव, अ‍ॅट, १२३ असेल तर फार वाट बघावी लागत नाही. धर्मा आणि फोबोस ही रॅन्समवेअरची घराणी मुख्यतः याच वाटेवर वाढली. पोर्टचा नंबर बदलून टाकला की झालं, असं काहीजण सांगतात. तपासणारे प्रोग्रॅम सगळेच नंबर तपासू शकतात.

दुसरा प्रकार एनिडेस्कसारख्या, लांबून मशीन चालवू देणाऱ्या अ‍ॅपचा. अ‍ॅप वाईट नाही. पण कोणी 'अ‍ॅक्सेप्ट' न दाबता आत येता यावं म्हणून कायमचा पासवर्ड लावून ठेवतात, आणि कित्येकदा तो त्या हार्डवेअरवाल्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच असतो. एका ठिकाणचा फुटला की सगळ्यांचा फुटला.

मोठ्या कंपन्याही यात सापडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये पाच-सहा दिवस बंद राहिली. घुसखोर आले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कमध्ये येण्याची बंदिस्त वाट) खात्यातून. पासवर्ड फुटलेला होता आणि ओटीपीसारखी दुसरी पायरी त्या खात्याला नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली.

आता हे क्लिकशेजारी ठेवून बघा. क्लिकमधून आलेला एखाद्या टेबलावर उतरतो आणि तिथून त्याला सर्व्हर शोधावा लागतो. रिमोट डेस्कटॉपवरून आलेला थेट सर्व्हरवर उतरतो, तोही अ‍ॅडमिन म्हणून. अँटीव्हायरस तो स्वतःच्या हाताने बंद करतो, बॅकअप पुसतो, मग फायली कुलूपबंद करतो. मुहूर्त बहुधा रात्रीचा किंवा सुट्टीचा, म्हणजे पुढचे कित्येक तास कोणाला पत्ता लागत नाही. शक्यता क्लिकच्या खालोखाल, नुकसान कितीतरी पट. आणि बंद करायला खर्च जवळपास नाही: राउटरमधलं ते पोर्ट फॉरवर्डिंग काढा, बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएन आणि त्यावर मोबाइलवरची दुसरी पायरी. शेटजींची थोडी कुरकुर होईल.

ज्याच्यावर आपण विसंबतो तो पुरवठादार

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्समधलं काम ठप्प झालं. कारण निघालं युक्रेनमध्ये. तिथे हिशोबासाठी वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं. घुसखोरांनी त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच नॉटपेट्या हा मशीनं निकामी करणारा प्रोग्रॅम मिसळला. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश समूहाच्या नेटवर्कमध्ये तो त्या वाटेने शिरला आणि उरणपर्यंत पोचला. टर्मिनलवर कोणी काही चुकीचं केलेलं नव्हतं.

आपल्या सहकार क्षेत्राला याची चुणूक जुलै २०२४च्या अखेरीस मिळाली. छोट्या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा प्रसंग आला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला केलं आणि सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय-एटीएमसारखे व्यवहार अडले. ग्राहक शिव्या देणार ते आपल्या शाखेतल्या माणसालाच.

छोट्या ऑफिसला हा धोका रोखता येत नाही. शक्यता कमी, पण आली वेळ तर तुमच्या हातात फक्त एवढंच: त्याला किती लांब जाऊ द्यायचं.

घरभेदी, पूर आणि वीज

नाराज माणूस धोकादायक असतो, पण वाटतो तितक्या वेळा नाही. ओहायोतल्या एका कंपनीच्या डेव्हलपरने असा कोड लिहून ठेवला होता की, युजरच्या यादीतून त्याचं नाव निघालं की सगळ्यांची लॉगिनं बंद. २०१९ मध्ये ती झालीही, आणि २०२५ मध्ये तो दोषी ठरला. आपल्याकडे प्रकार साधा असतो: नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन आणि मेल महिनोन्‌महिने चालू. शेवटच्या दिवशी हिशोब चुकता करताना तेही बंद करावं, विषय संपला.

आणि हॅकरच लागतो असंही नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातला बॅकअप एकाच पाण्यात गेले असतील, तर त्या बॅकअपला अर्थ काय?

माझा कौल

वरच्या सगळ्या वाटा जिथे मिळतात, ते ठिकाण मी पहिल्या नंबरवर ठेवतो: सगळ्या मशीनांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड, सर्व्हरची डी ड्राइव्ह सगळ्यांना पूर्ण हक्कांसह शेअर, डीव्हीआर, पाहुण्यांचा वायफाय आणि टॅली एकाच नेटवर्कवर, आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायम सर्व्हरला लावलेली. मी पाहिलेल्या बऱ्याच ऑफिसांचं हेच वर्णन आहे.

नॉटपेट्या एवढा पसरला तो याच्याच जोरावर. तो एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड काढायचा आणि त्यांच्या बळावर अपडेट केलेल्या मशीनांतही शिरायचा. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. लॉगिनची मूळ यादी ठेवणाऱ्या त्यांच्या सर्व्हरांपैकी एकच वाचला होता, घानामधला. तिथे तेव्हा वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता! लोडशेडिंगचे एवढे उपकार दुसऱ्या कोणावर झाले असतील असं वाटत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ला पाच सर्व्हर अडकले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि बरेच दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. सरकारने संसदेत सांगितलेलं कारण होतं नेटवर्कचे विभाग नीट न पाडणं. आणि ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेचा डेटा परत मिळाला तो झळ न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख गेले, तेव्हाही घुसखोर आत शिरून एटीएमच्या मंजुऱ्या देणारा बनावट स्विच उभा करण्याइतके खोलवर पोचले होते. त्या मंजुऱ्यांवर २८ देशांत आणि इकडे कोल्हापुरातही एटीएममधून पैसे निघाले.

तेव्हा पहिला खर्च एका बाहेरच्या हार्ड डिस्कच्या जोडीवर करा. एक लावायची, एक काढून घरी न्यायची, दर आठवड्याला अदलाबदल, आणि महिन्यातून एकदा त्यातली टॅली दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. दुसरं काम अ‍ॅडमिन हक्क काढण्याचं. मालकांच्या मशीनवरचे आधी. तिसरं, रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट. या तिन्हींत मिळून जेमतेम दहा-पंधरा हजार जातील, तेही मुख्यतः डिस्कचे.

क्रम ऑफिसागणिक थोडा हलेल. घरून कोणीच काम करत नसेल तर तिसऱ्याच्या जागी मेलवरचं गाळण आणि ट्रेनिंग आणा. कारखान्यात जुन्या यंत्रांना जोडलेली मशीनं आधी वेगळी करा, तिथे एका छोट्या फायरवॉलचा खरोखर उपयोग आहे. पतसंस्थेने आधी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला लेखी विचारावं की त्यांची यंत्रणा बंद पडली तर आमचा डेटा आम्हाला किती तासांत आणि कुठल्या स्वरूपात मिळेल. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच.

आणि हल्ला झालाच तर वेळ मोजकी असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे कंपन्या-संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. हे दोन्ही, हार्डवेअरवाल्याच्या मोबाइल नंबरसकट, कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीत चिकटवा. त्या दिवशी कॉम्प्युटरमधली फाइल उघडणार नाही.