हायब्रीड जास्वंद: उरुळी कांचनची खरेदी आणि हिवाळ्यातली फुलं

निकाल आधी सांगते. हायब्रीड जास्वंद घ्यायची तर नोव्हेंबरअखेर घ्या, आणि पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांपर्यंत जाऊन घ्या. शहरात फुटपाथवर जे झाड सहाशेला गळ्यात मारतात ते तिथे अडीचशे-तीनशेत मिळतं आणि रांगाच्या रांगा फिरून निवडता येतं. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

ही दारातली, देवाला वाहायची लाल जास्वंद नव्हे. पाकळ्या पाचच, पण फूल सहा ते आठ इंचांचं. माझ्याकडच्या एकाची कड केशरी, पोटात राखाडी-जांभळा आणि मधोमध गर्द लाल डोळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या हौशी लोकांनी आशियातली जास्वंद, पूर्व आफ्रिकेतली ती उलटी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद आणि हवाईच्याच रानातल्या पांढऱ्या जाती यांचे संकर केले. आजच्या या रंगीत मंडळींचं बरंचसं घराणं तिथलं. नर्सरीत मात्र वंशावळ वगैरे काही नसते. ‘ऑस्ट्रेलियन’ किंवा ‘तैवान’ एवढंच सांगतात, आणि शेजारच्या दोन नर्सऱ्यांत एकाच झाडाला दोन्ही नावं ऐकायला मिळतात. कोलकात्याचे बागवाले तर यातल्या बुटक्या झाडांना ‘पुणे व्हरायटी’ म्हणतात. आपल्याला उगाच भाव!

हिवाळ्याचा आग्रह अशासाठी की या झाडांचा खरा मोसम तोच. एप्रिल-मेच्या उन्हात फूल लहान येतं, रंग विटका असतो आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. बऱ्याच कळ्या तर उमलायच्या आधीच गळतात. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा दहा-बारावर येतो, दिवसा लख्ख ऊन असतं. अशा हवेत कळी सावकाश भरते, फूल मोठं होतं आणि दोन-दोन दिवस टिकतं, कधी तिसऱ्या दिवशीही तजेलदार असतं. रंगही बदलतो. लाल-जांभळी छटा देणारं रंगद्रव्य थंडीत जास्त तयार होतं. माझ्या गच्चीवरचं एक झाड उन्हाळ्यात पिवळं-केशरी फुलतं, तेच थंडीत पिकलेल्या जांभळाकडे झुकतं. मी गणिताचे क्लास घेते. दहावीतल्या एका मुलीने ते फूल पाहून विचारलं, “मॅडम, नवीन झाड आणलंत?” झाड तेच आहे हे तिला पटवायला मोबाइलमधला मे महिन्याचा फोटो दाखवावा लागला.

आता तो कापलेला तारा. नर्सरीत ही झाडं फूटभर उंचीची, गच्च पानांची आणि दहा-दहा कळ्या लागलेली दिसतात. हा सगळा निसर्ग नसतो. बऱ्याच व्यावसायिक झाडांना वाढरोधक दिलेलं असतं: पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून घालतात तेच कल्टार. पेरं आखूड राहतं, पानं एकमेकांवर चढतात, झाड टेबलावर ठेवण्याजोगं दिसतं. औषधाचा अंमल उतरला की पुढच्या काही महिन्यांत तेच झाड लांब, सडपातळ फांद्या टाकू लागतं आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. मी घेतलं तिथे सरळ विचारलं. “नाही हो ताई, जातच बुटकी आहे,” असं उत्तर आलं. पावसाळा संपेपर्यंत ती बुटकी जात माझ्या खांद्याला लागली. झाड निरोगी आहे, फुलतंही छान, पण विकताना खरं सांगायला काय जातं?

निवडताना फुलाकडे नंतर बघा, आधी खाली वाका. यातल्या पुष्कळ जातींची स्वतःची मुळं नाजूक असतात, म्हणून त्या साध्या, दणकट जास्वंदीच्या खुंटावर कलम करतात. कलमाचा जोड स्वच्छ भरलेला हवा, पट्टी आत रुतलेली नको. जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर तो खुंटाचा. घरी आणल्यावरही असे फुटवे दिसतील तिथे मोडायचे, नाहीतर वरचं महागाचं कलम मागे पडतं आणि तीनशे रुपयांत साधी जास्वंद पदरी पडते. पानं उलटी करून बघायला लाजू नका. नर्सरीवाले कपाळाला आठ्या घालतात, घालू देत. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की ते झाड तिथेच ठेवा. तो पिठ्या ढेकूण; ही कीड एकदा गच्चीवर आली की शेजारच्या कुंड्यांनाही सोडत नाही. थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल पुरतं.

पिशवीत बहुतेक निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो वरून कोरडा दिसतो आणि आत चिंब असतो, थंडीत मुळं कुजण्याचं हेच कारण. मी माती, शेणखत आणि जाडी वाळू घालून दहा इंची कुंडीत हलवते, पण मुळांभोवतीचा गोळा फोडत नाही आणि कळ्या असताना मुळांना हात लावत नाही. पाणी सकाळीच, बोट खुपसून बघून.

खताचं दुकानदाराचं ऐकू नका. कृषी सेवा केंद्रात “फुलांसाठी” म्हटलं की ०:५२:३४ ची पुडी पुढे येते (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे). त्यात स्फुरद भरमसाट, आणि जास्वंदीला नेमका तोच कमी लागतो. तिची खरी भूक पालाशची. १३:०:४५ मागा, लिटरला ग्रॅमभर, पंधरवड्याने एकदा. अधूनमधून निंबोळी पेंड.

छाटणी मी गणपती उठले की लगेच करते. फूल नव्या फुटीवरच येतं आणि या जातींना छाटणीपासून कळीपर्यंत अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे बरोबर डिसेंबर गाठता येतो. नोव्हेंबरात कात्री चालवली तर थंडी हातची गेली. कुंड्याही तेव्हाच हलवते, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि कठड्याची सावली पावसाळ्यात उन्हात असलेल्या कुंड्या गिळते. दोन विटांवर चढवल्या की काम होतं.

सासूबाईंचं मत वेगळं आहे, तेही नोंदवते. माघी गणेश जयंतीला गच्ची फुललेली असते, तरी त्या खालच्या वाड्यातून लाल जास्वंद मागवतात. “हे जांभळं प्रकरण तुझ्या मुलांना दाखव, देवाला नको.” वासही नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेप. तो खरा आहे.

जाणार असाल तर रविवार टाळा, हडपसरच्या पुढे गाडी हलत नाही. रोख आणि मोबाइल दोन्ही चालतं, घासाघीस चार झाडं घेतली तरच. आणि कळ्या घरी येईपर्यंत हमखास गळतात, म्हणून कळ्या मोजून भाव ठरवू नका. उमललेलं एक फूल बघा, रंग पटला की झाड उचला.