कोकण किनाऱ्यावरची कॅराव्हॅन : उन्हाळाभर वापरानंतरचा अनुभव

ट्रॅव्हलर जातीच्या मिनीबसवर बांधून घेतलेली चौघांची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आम्ही थंडीच्या अखेरीपासून वापरत आहोत आणि तिचा बहुतेक प्रवास दापोली ते रत्नागिरी या किनारपट्टीवरच झाला आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या गाड्यांविषयी बरेच लिहिले जाते. मात्र त्यात सगळा भर गाद्या, ओटा आणि टीव्हीवर असतो. एप्रिल-मेच्या कोकणात या गोष्टींना फारसे महत्त्व उरत नाही. दुपारी गाडी कोठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, यावरच तो दिवस सुखाचा जाणार की घामाघूम होऊन संपणार, हे ठरते.

आमचा नेहमीचा दिवस दापोलीजवळच्या मुरुडहून उजाडता उजाडता सुरू होतो. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरायचे आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला दुसरी फेरी धरून जयगडमार्गे मालगुंड गाठायचे, असा हा मार्ग आहे. फेरीच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत मोठा कोन पडतो आणि मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट असलेल्या आमच्यासारख्या गाडीचा मागचा भाग तेथे घासतो. आमच्या गाडीत सांडपाण्याच्या टाकीचा नळ नेमका तेथेच खाली लोंबत होता. तो वर घेऊन त्याला लोखंडी पट्टीचे संरक्षण द्यावे लागले. गाडी बांधून घेणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावे. शक्य असेल तेव्हा आम्ही भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघतो.

सकाळचा प्रवास वाऱ्याविना होतो. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, म्हणजे सड्यावरून, जाताना नऊ वाजताच पत्रा तापू लागतो, म्हणून आम्ही अकराच्या आत मुक्काम गाठतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापत असल्यामुळे त्यानंतर खारे वारे सुरू होतात, तीन-चारच्या सुमारास ते सर्वांत जोरात असतात आणि उन्हाळ्यात या पट्टीत त्यांचा रोख बहुधा वायव्येकडून असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि नंतर तो पश्चिमेला कलतो. म्हणजे दुपारनंतर ऊन आणि वारा जवळजवळ एकाच अंगाने येतात, आणि हीच सोय साधायची असते. आमच्या गाडीचे दार व ऑनिंग (गाडीच्या अंगाला जोडलेले, गुंडाळता येणारे सावलीचे कापड) डाव्या बाजूला आहे. तोंड नैर्ऋत्येला करून गाडी लावली, की डावी बाजू आग्नेयेला येते आणि तेथे सावली व आडोसा दोन्ही मिळतात. उजवीकडची खिडकी चार बोटे उघडी ठेवून छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला, तर आत बसणे सुसह्य होते. वाळू मात्र येतेच. तिच्यासाठी खिडकीला ओले सुती फडके लावतो.

आता ऑनिंगविषयी, कारण सर्वांत उपयोगी वस्तू तीच आणि सर्वांत नाजूकही तीच. साधारण तीन मीटर बाय अडीच मीटरचे हे कापड म्हणजे एक शीडच असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे शाळेत शिकलेले गणित येथे हातांना कळते. बांधणाऱ्या कारखान्याने ऑनिंगचे ब्रॅकेट आतून कोणताही आधार न देता नुसत्या पत्र्यात स्क्रूने बसवले होते. दीड-दोन महिन्यांत ती भोके लंबगोल झाली. शेवटी स्थानिक फॅब्रिकेटरकडून आतल्या बाजूने अँगल टाकून आरपार नट-बोल्ट करून घेतले. ऑनिंगच्या पायांना ठोकायच्या खुंट्या पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या, वाळूत टिकत नाहीत. त्याऐवजी वाळूने भरलेली गोणी दोरी बांधून हातभर खोल आडवी पुरली, तर ती हलत नाही. वाऱ्याच्या बाजूचा कोपरा थोडा खाली ठेवावा आणि कापड फडफडू लागले की मोह न धरता गुंडाळावे.

एसीविषयी विक्रेते जे सांगतात त्यावर फार विसंबू नये. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. एसी हजार-बाराशे वॉट खातो, म्हणजे भर उन्हात तो दोन तासांच्या आसपासच चालतो. छतावरची सौर पॅनेल तापल्यावर त्यांची निर्मितीही घटते. मुक्कामाच्या वाडीत (नारळी-पोफळीच्या बागेत) तारेने वीज घ्यावी म्हटले, तर दुपारी दाब इतका कमी असतो की एसीचा कॉम्प्रेसर उचलतच नाही. दमट हवेमुळे कूलरही निरुपयोगी आहे. बारा व्होल्टचे दोन चांगले पंखे आणि लहान फ्रीज एवढे मात्र बॅटरीवर अहोरात्र आरामात चालतात.

सावली हवी तर पॅनेल निकामी आणि वीज हवी तर गाडीची भट्टी, हा पेच गुहागरच्या सुरूबनात रोजच पडतो. घडीचे एक पॅनेल दहा मीटर तारेने उन्हात ठेवणे, हा आम्हाला पटलेला उपाय. सुरूच्या काड्या छताच्या झडपेत अडकतात, तेवढे झाडून घ्यावे लागते. माडांची सावली मोहक असली तरी ती टाळावी. एका वाडीच्या मालक काकांनी गाडी वळवतानाच बजावले होते, “माडाखाली नको हो, झावळ आली की काच राहायची नाही.” थेट पुळणीवर गाडी नेण्याचा विचारही करू नये.

संध्याकाळी वारा पडतो आणि मतलई वारे सुरू होईपर्यंतचे दोन-तीन तास सर्वांत जड जातात. त्या वेळी डासांची जाळी लावलेल्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या हव्यात. आमच्या मागच्या खिडकीला जाळीच नव्हती, ती नंतर बसवली. किनाऱ्याकडचे दिवे आम्ही बंद ठेवतो, कारण गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उन्हाळ्यात बाहेर पडतात आणि उजेडाने त्यांची दिशा चुकते.

राहिला प्रश्न खारट हवेचा. बिजागऱ्या, सरकत्या दाराची पट्टी आणि बॅटरीची टोके यांवर काही आठवड्यांतच गंज व हिरवट थर धरला. १०० लिटरच्या टाकीतले थोडे गोडे पाणी आम्ही निघण्याआधी गाडीचा खालचा भाग धुण्यासाठी राखून ठेवतो; टोकांना व्हॅसलीन लावतो. एवढी निगा राखायची तयारी असेल, तर उन्हाळी कोकणासाठी ही गाडी मी सुचवेन. मात्र एसीवर जाणारे पैसे ऑनिंगची मजबूत जोडणी, दुहेरी खिडक्या आणि छताचे इन्शुलेशन (उष्णता अडवणारे अस्तर) यांवर घालावेत.