पॅराशूटची छत्री: ३० सेंटिमीटर की ६०?

धरमपेठेतील आमच्या शेजाऱ्यांच्या नववीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी पॅराशूट करायचे असून, पन्नी ३० सेंटिमीटर व्यासाची कापावी की ६० सेंटिमीटरची, या पेचात ती पडली आहे.

खरा फरक वेगात आहे. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. परंतु हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वजन तेच ठेवल्यास स्थिरावलेला वेग निम्मा होतो, पाव नव्हे. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. साधारण ५० ग्रॅमचे अंडे बांधले, तर लहान छत्री सेकंदाला सुमारे ४ मीटर आणि मोठी सुमारे २ मीटर वेगाने उतरेल; म्हणजे ९ मीटर उंच गच्चीवरून अंदाजे सव्वादोन आणि साडेचार सेकंदांत.

वारा मात्र मोठीचा वैरी आहे. हवेत दुप्पट वेळ राहिल्याने ती जवळपास दुप्पट लांब वाहून जाते, शिवाय पुरती उघडायला अधिक उंची घेते आणि तिच्या लांब दोऱ्या लवकर गुंततात. खर्चात नाव घेण्याजोगा फरक नाही. मध्यभागी लहानसे छिद्र दोन्हींना पाडावे, अन्यथा कोंडलेली हवा कडेने निसटून छत्री झुलत राहते.

अंडे न फोडता उतरवायचे असेल, तर मोठी छत्री घ्यावी आणि वारा पडलेला असताना, सकाळीच सोडावी. आखलेल्या वर्तुळात वस्तू उतरवायची असल्यास, किंवा पहिल्या मजल्यावरूनच सोडायची असल्यास, लहान छत्री अधिक सोयीची.