करिअर काउन्सिलिंगला गेले होते, ३ स्टार देतेय

बारावीनंतर बाबांनी मला पुण्यातल्या एका काउन्सिलिंग सेंटरला नेलं, नाव नाही लिहीत. फी साडेचार हजार. बाबा सिव्हिल इंजिनिअर, काका पण, त्यामुळे मी कुठे जाणार हे मी दहावीत असतानाच ठरलेलं आणि टेस्ट म्हणजे नुसता शिक्का मारायचा होता त्यांना. टेस्ट अडीच तास, एसी एवढा जोरात की हात गारठले, गणिताचे प्रश्न बरे होते पण आवडीनिवडीचे प्रश्न अगदीच बाळबोध, म्हणजे 'तुम्हाला लोकांना मदत करायला आवडते का', आता याला नाही कोण म्हणणार?

रिपोर्ट २६ पानी, त्यातली वीस पानं सगळ्यांना सेम असणार असं वाटतं.

पण ज्या मॅडम बोलायला बसल्या ना, त्यांच्यासाठी हे ३ स्टार. मी आर्किऑलॉजी, म्हणजे पुरातत्त्व, म्हटल्यावर हसल्या नाहीत. बाबांना सरळ सांगितलं की डेक्कन कॉलेज इथेच येरवड्याजवळ आहे, इनामगावच्या प्राचीन वस्तीचं उत्खनन त्यांनीच केलंय, आधी हिस्टरीत बीए करू दे मग तिथे एमए, पण नोकऱ्या कमी आहेत आणि वाट लांबची आहे हेही ऐकून ठेवा. बाबा गप्प. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, 'उत्खननाला पण सर्व्हे लागतोच की, जमिनीची लेव्हल काढायला मी शिकवतो तुला.'

पार्किंग नाही, गाडी नेऊ नका.