‘बॅड बॉइज’ : प्रेक्षकांनी उचलून धरलेली जोडी

मायामीच्या पोलीस दलातील माइक लावरी आणि मार्कस बर्नेट या जोडीची ‘बॅड बॉइज’ ही चित्रपटमालिका १९९५ साली सुरू झाली आणि २०२४ पर्यंत तिचे चार भाग आले. समीक्षकांनी तिला सहसा हातचे राखूनच दाद दिली, प्रेक्षकांनी मात्र कधी अंतर दिले नाही. मोटारींचे पाठलाग आणि स्फोट इतर मारधाडपटांतही असतात; या मालिकेकडे प्रेक्षक वळतो तो या दोघांची भांडणे ऐकायला, असे चारही भाग पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

पहिल्या भागाची सुरुवातच पाहा. माइकच्या महागड्या पोर्शे गाडीत मार्कस खात बसला आहे, खाणे सांडले म्हणून माइक चिडला आहे, आणि गाडी पळवायला आलेल्या चोरांनी पिस्तुले रोखल्यावरही दोघांची हमरीतुमरी थांबत नाही. उलट त्याच भांडणाच्या आडून ते चोरांना गाफील पकडतात. विल स्मिथ आणि मार्टिन लॉरेन्स हे तेव्हा दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय विनोदी नट होते, तर दिग्दर्शक मायकेल बे यांचा हा पहिलाच चित्रपट होता. कथानक बेताचेच आहे, पण संसारी मार्कसला ऐटबाज, सडाफटिंग माइक असल्याचे सोंग वठवावे लागते, तेव्हा लॉरेन्स यांची तारांबळ पाहताना हसू आवरत नाही.

२००३ च्या दुसऱ्या भागाबाबत समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यात सर्वांत मोठी फारकत झाली. समीक्षकांनी तो झोडपला; चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांची मते नोंदवणाऱ्या ‘सिनेमास्कोर’च्या पाहणीत मात्र त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली. धावत्या ट्रकवरून एकामागून एक मोटारी महामार्गावर फेकल्या जातात, तो पाठलाग थरारक आहे हे मान्यच. तरीही मृतदेहांवर बेतलेला विनोद आणि शेवटी गरिबांच्या वस्तीतून बेदरकारपणे घातलेली गाडी मला खटकली. जवळजवळ अडीच तासांची लांबीही सोसत नाही. इथे मी समीक्षकांच्या बाजूने आहे.

तिसरा भाग यायला २०२० उजाडले. दिग्दर्शनाची सूत्रे आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह यांच्याकडे आली, आणि त्यांनी नायकांचे वय लपवण्याऐवजी त्यालाच विषय केले. मार्कसला निवृत्त व्हायचे आहे, माइकला थांबणे मंजूर नाही, आणि दोघांवर सतत खेकसणारे कॅप्टन हॉवर्ड मारले जातात तेव्हा प्रेक्षकाला घरातले माणूस गेल्यासारखे वाटते. (ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही, त्यांची क्षमा मागतो; हा उल्लेख टाळणे अशक्य होते.) जगभरात ४० कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली ती या भावनिक गुंतवणुकीमुळेच, असे मी मानतो.

चौथ्या भागाला ‘ए-वजा’ श्रेणी मिळाली आणि ते योग्यच झाले, कारण कटकारस्थानाचा उलगडा फार लवकर होतो. पण रेजीचा प्रसंग पाहाच. मार्कसचा हा अबोल जावई सैन्यात आहे. घरात मारेकरी घुसल्यावर तो एकटा त्यांना भिडतो आणि दोन्ही नायक दूर बसून सुरक्षा-कॅमेऱ्यावर थक्क होऊन पाहत राहतात. याच भागात भेदरलेल्या माइकला भानावर आणण्यासाठी मार्कस त्याला थपडा लगावतो. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात स्मिथ यांनी मारलेली थप्पड आठवल्याशिवाय हे दृश्य पाहणे कठीणच, आणि तो धोका पत्करण्याचे धैर्य मला मनापासून आवडले.

मालिका पाहायची तर क्रमानेच पाहावी. दुसरा भाग मला आवडला नसला तरी तो गाळू नये, कारण मार्कसच्या मुलीला भेटायला आलेल्या कोवळ्या रेजीला हे दोघे दारातच घाबरवून सोडतात तो प्रसंग त्यातच आहे, आणि तो पाहिलेला असेल तरच पुढचा रेजी पुरता उमगतो.