सेल्फ गेला नव्हता, अर्थची वायर गंजली होती

1998 चं मॉडेल, कार्बोरेटरची मारुती 800. ऐन जुलैत एका सकाळी चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज, इंजिन फिरतच नाही. हेडलाइट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. गॅरेजमधून आलेल्या माणसाने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं की बॅटरी डेड आहे, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जळालाय आणि कॉइलही (प्लगच्या ठिणगीसाठी वीज पुरवणारी) गेल्यात जमा आहे. तिन्ही बदललं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मालकाने दहा हजारांच्या वर पैसे मोजले, तेही साध्या कागदावर लिहिलेल्या हिशोबावर. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच ‘टक्’. या वेळी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या मायनसची जाड वायर, म्हणजे अर्थची वायर, गिअरबॉक्सला जिथे आवळलेली असते तो बोल्ट सोडवला, लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालचा गंज पॉलिशपेपरने घासला, बोल्ट परत आवळला. गाडी सुरू. एकही पार्ट लागला नाही.

यातली मेख इथे आहे: सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशीच बसतो. तो काढायचा-घालायचा म्हणजे आजूबाजूच्या वायरी हलतात, बोल्ट आवळले जातात. बॅटरी बदलताना टर्मिनल घासली जातात. खरा दोष असा आपोआप काही दिवसांपुरता झाकला जातो, आणि गाडी सुरू झालेली पाहून मालकाला वाटतं, निदान बरोबरच होतं. गाडी सुरू झाली म्हणजे काढलेला पार्ट खराब होता, असं अजिबात सिद्ध होत नाही.

त्या निदानातला खोटेपणा जागेवरच पकडता आला असता. बॅटरी डेड असेल तर हेडलाइट लख्ख कसे? आणि इंजिन फिरतच नसताना कॉइल गेली हे कशावरून ठरवलं? ठिणगी तपासायला आधी इंजिन फिरावं लागतं. हे दोन प्रश्न शांतपणे विचारले तरी बरेचजण गडबडतात.

म्हणून कोणालाही बोलवण्याआधी हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टर्मिनल सैल. दिवे तसेच राहिले आणि फक्त ‘टक्’ आलं, तर सेल्फ किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड वायरींचे जोड. ‘टक्’सुद्धा नाही, तर इग्निशन स्विच, सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा त्याच्यावरची बारीक वायर. बऱ्याचदा ती नुसती निसटलेली असते. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठणठणीत आहेत. अशा वेळी कोणी सेल्फ बदलायला सांगितलं तर त्याला तिथूनच परत पाठवा.

साधा मल्टिमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. टोकं क्लॅम्पवर नको, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12.0 च्या खाली उतरलेली. उतरलेली बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे. आधी चार्ज करून बघा. चार्ज झाल्यावरही सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जात असेल तरच तिचं आयुष्य संपलंय असं समजा. हेडलाइट चालू ठेवून रीडिंग दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, लोड असताना आकडा पडतोच.

आता मुख्य तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर अर्थ गेलेलं आहे, सेल्फला दोष देऊ नका. मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर मायनस खुंटीपासून थेट इंजिनला लावा. सेल्फ फिरला की निदान झालं. मग बॅटरी सोडवा, आधी मायनस काढून; 10 नंबरचा पाना पुरतो. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करून घासा, वायर बसवा (मायनस शेवटी) आणि वरून व्हॅसलिन लावा. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या दमट हवेत हे दर पावसाळ्याआधी करावं.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, तर प्लग काढून, त्याची वायर लावलेलीच ठेवून, बॉडी इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारताना ठिणगी बघा. निळसर, कडक हवी. पेट्रोल सांडलेलं असेल तिथे ही तपासणी करू नका. पॉइंट (कॉइलची वीज उघड-बंद करणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिमी. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप आतून ओली असेल तर नुसती पुसूनही गाडी सुरू होते. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल तर चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन असलेल्या) चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नाही म्हणून लगेच ‘ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला’ म्हणणाऱ्याला आधी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून दाखवायला सांगा. सर्वांत महाग पार्टचं नाव घेऊन घाबरवायचं, ही जुनीच रीत आहे.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. तुमचाच सेल्फ घासून, चंदेरी रंग मारून ‘रिकंडिशन’ म्हणून परत बसवतात. काम बहुधा कार्बन ब्रश आणि बुशचंच असतं, पैसे पूर्ण सेल्फचे. गाडी सोडण्याआधी सेल्फ, बॅटरी, कॉइल यांचे फोटो काढा, नजरेआड जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि जॉब कार्डवर (गॅरेजने कामाची नोंद केलेल्या कागदावर) ‘काढलेले पार्ट परत द्यावेत’ असं लिहून घ्या. जुन्या बॅटरीला भंगारात चांगला भाव असतो, ती दिली तर तिची किंमत बिलातून वजा झालीच पाहिजे. नव्या बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी जुळवून घ्या.

बिल मागितलंत की काही ठिकाणी सूर बदलतो, तरी मागाच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथे फोटो, जॉब कार्ड, पैसे दिल्याची यूपीआय नोंद आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी निदान कामी येतं. हे लेखी निदान त्याच दिवशी, त्याच्या सहीनिशी घ्या. महिन्याने मागितलं तर कोणी देत नाही.